ओएस.वॉकनं खालून वर गेलो तरी रिकाम्या डिरेक्टऱ्या एका फेरीत का जात नाहीत?

धागादोरा (प्रश्न):

नमस्कार मंडळी,

मोजमापाच्या उपकरणांकडून येणारा डेटा आमचा एक प्रोग्राम फाइलींत लिहितो. प्रत्येक उपकरणाची एक डिरेक्टरी, तिच्यात वर्ष, वर्षात महिना, महिन्यात दिवस, दिवसात तास अशी उतरंड आहे. दुसरा एक प्रोग्राम लिहून पूर्ण झालेल्या फाइली उचलून संग्रहाच्या डिस्कवर नेतो. फाइली जातात, पण डिरेक्टऱ्या तशाच पडून राहतात. आता त्यांचा इतका ढीग झालाय की काहीही शोधायचं म्हटलं तरी आख्खं झाड पालथं घालावं लागतं आणि बॅकअपचा बराच वेळ नुसत्या रिकाम्या डिरेक्टऱ्यांमधून फिरण्यात जातो. यंत्रणा लिनक्सची आहे, फाइलसिस्टिम ईएक्सटी४. काही भाग एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरवरून, जोडलेला आहे.

साफसफाईसाठी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. डिरेक्टऱ्यांच्या झाडातून फिरवणाऱ्या ओएस.वॉकला टॉपडाउन=फॉल्स दिलंय, म्हणजे सगळ्यात आतली डिरेक्टरी आधी हाती येते. प्रत्येक ठिकाणी उपडिरेक्टऱ्यांची आणि फाइलींची अशा दोन्ही याद्या रिकाम्या असतील तरच डिरेक्टरी काढणारं ओएस.आरएमडिर बोलावतो. यात तीन गोष्टी अडल्या आहेत.

एक, पहिल्या फेरीत फक्त तासांच्या डिरेक्टऱ्या जातात. दिवसांच्या जायला स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागते, महिन्यांच्या जायला आणखी एकदा. खालून वर जातोय तर हे का व्हावं?

दोन, लिहिणारा प्रोग्राम अधूनमधून फाइलनॉटफाउंडएरर देऊन पडतो. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच ओळीत ओएस.मेकडर्स एक्झिस्ट_ओके=ट्रू देऊन (डिरेक्टरी नसेल तर बनव, असेल तर चालेल) बोलावलेलं आहे आणि ते नीट पार पडलेलं असतं.

तीन, एनएफएसच्या भागात एक डिरेक्टरी एलएसला रिकामी दिसते, पण काढायला गेलं की "डिरेक्टरी नॉट एम्प्टी".

सध्या विचार असा चाललाय की रिकामी आहे हे तपासून झालंच आहे, तर आरएमडिरऐवजी सरळ शटिल.आरएमट्री (आतल्या सगळ्यासकट डिरेक्टरी पुसणारं) वापरावं. तिसरी अडचण तरी सुटेल. तुमचं काय मत?

---

झटपट_शेल:

पायथनचा आग्रह नसेल तर फाइंड ही कमांड वापरा. हायफन टाइप डी, मग हायफन एम्प्टी, मग हायफन डिलीट. हायफन डिलीट दिलं की हायफन डेप्थ आपोआप लागू होतं, म्हणजे मुलं (आतल्या डिरेक्टऱ्या) आधी आणि पालक (बाहेरची) नंतर. शिवाय डिरेक्टरी रिकामी आहे का, हे तो तिच्याशी पोहोचल्यावर बघतो, आधी नाही. त्यामुळे तास, दिवस, महिना सगळं एकाच फेरीत जातं. मूळ डिरेक्टरी स्वतःच उडू नये म्हणून हायफन माइंडेप्थ १ सुरुवातीला द्या.

शब्दांचा क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतो. हायफन डिलीट चुकून आधी लिहिलं गेलं तर त्यापुढच्या अटी बघायच्या आधीच हाती लागेल ते पुसलं जातं, फाइलींसकट. पहिल्यांदा हायफन डिलीटच्या जागी हायफन प्रिंट देऊन यादी वाचून घ्या. फक्त त्या यादीत आत्ता रिकाम्या असलेल्याच दिसतील. मुलं गेल्यावर रिकामे होणारे पालक तिथे दिसणार नाहीत, ते धरून चाला.

---

मूळपान:

धागादोरा, फाइलसर्व्हर आणि बॅकअप सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती: आरएमट्रीचा विचार सोडून द्या. का ते खाली सांगतो, पण आज रात्रीची फेरी लावायच्या आधी एवढं एक वाचा.

तुमच्या पहिल्या अडचणीचं कारण ओएस.वॉकच्या आत आहे. टॉपडाउन=फॉल्स दिल्यावर तो डिरेक्टऱ्या तुमच्या हाती खालून वर देतो, पण प्रत्येक डिरेक्टरीची यादी मात्र वरून खाली उतरतानाच वाचून ठेवतो. दिवसाच्या डिरेक्टरीत '१४' नावाची तासाची डिरेक्टरी आहे असं त्यानं उतरताना टिपून ठेवलं. तुम्ही '१४' काढली. वर आल्यावर दिवसाची जी यादी तुमच्या हाती पडते ती तीच जुनी, '१४' असलेली. यादी रिकामी नाही म्हणून तुमची अट खोटी ठरते आणि दिवस राहतो. पायथनच्या अधिकृत माहितीतही हे लिहिलेलं आहे, फक्त चटकन नजरेत भरत नाही.

यावर पुन्हा ओएस.लिस्टडिर बोलावून ताजी यादी घ्यावी असं सुचेल. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही तपासूच नका. आरएमडिर हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेली मागणी) स्वतःच तपासतो, आणि तुमच्यापेक्षा चांगला तपासतो. त्याला सरळ सांगा की ही काढ. रिकामी असेल तर शून्य परत येईल. नसेल तर उणे एक आणि एररनोमध्ये (एररच्या क्रमांकात) ईनॉटएम्प्टी, म्हणजे 'रिकामी नाही'. डिरेक्टरीतल्या एकाही फाइलीला धक्का लागणार नाही. त्याचं हे नाही म्हणणं म्हणजेच तुम्हाला हवी असलेली तपासणी आहे.

आता हे "चांगला तपासतो" म्हणजे काय, ते जवळून बघू. तुम्ही यादी वाचली, ती रिकामी निघाली, मग आरएमडिर बोलावलं. या दोन पावलांमध्ये वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात लिहिणारा प्रोग्राम तिथे फाइल ठेवू शकतो. कर्नलमध्ये ही फट नाही. आरएमडिर आल्यावर लिनक्स आधी पालक डिरेक्टरीच्या आयनोडचं (फाइलसिस्टिममधल्या तिच्या मूळ नोंदीचं) कुलूप घेतो, मग जी काढायची तिच्या आयनोडचं. दोन्ही कुलपं हातात असताना फाइलसिस्टिमला विचारतो की '.' आणि '..' सोडून आत काही आहे का. त्या डिरेक्टरीत नवी फाइल बनवायची तर फाइल बनवणाऱ्यालाही तेच आतलं कुलूप लागतं. म्हणून दोनच गोष्टी घडू शकतात. फाइल आधी बनली तर आरएमडिरला ईनॉटएम्प्टी मिळते. आरएमडिर आधी झालं तर कर्नल त्या आयनोडवर मृत अशी खूण करतो आणि फाइल बनवणाऱ्याला ईनोएंट, म्हणजे 'असं काही नाही', मिळते (पायथनमध्ये तीच फाइलनॉटफाउंडएरर). फाइल बनली आणि डिरेक्टरीबरोबर गेली, असं तिसरं काही होऊच शकत नाही.

आता आरएमट्रीकडे या. तुम्ही तपासलं, रिकामी निघाली, आणि मग आरएमट्री बोलावलं. तो नव्यानं यादी वाचतो आणि त्यात जे सापडेल ते पुसत सुटतो. मधल्या फटीत आलेली फाइल त्याला सापडली तर ती जाते. कुठे एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. आरएमडिरच्या बाबतीत ती फट निरुपद्रवी असते, कारण शेवटचा निर्णय कर्नलचा. आरएमट्रीच्या बाबतीत त्याच फटीतून डेटा जातो. एकदाच मोजलं गेलेलं, पुन्हा मिळणार नाही असं मोजमाप तुमच्या फाइलींत असेल, तर ही जोखीम घेऊ नये.

हे सगळं पहिल्यापासून असं नव्हतं. आरएमडिर हा स्वतंत्र सिस्टिम कॉल युनिक्सच्या बर्कली शाखेत ४.२बीएसडीबरोबर १९८३ साली आला, मेकडिरही त्याच वेळी. त्याआधी आरएमडिर ही एक साधी कमांड होती आणि ती रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकारानं चालायची, कारण डिरेक्टरीवर अनलिंक (नाव काढून टाकणं) करायची मुभा फक्त रूटला होती. ती कमांड डिरेक्टरी स्वतः उघडून वाचायची, '.' आणि '..' सोडून काही नाही ना ते बघायची, आणि मग आतल्या त्या दोन नोंदी आणि बाहेरचं नाव एकेक करून अनलिंक करायची. मध्येच खंड पडला तर अर्धवट मोडलेली डिरेक्टरी मागे राहायची. तपासणं आणि काढणं एका झटक्यात व्हावं म्हणून तर हे काम कर्नलच्या आत नेलं. आपण आपल्या स्क्रिप्टमध्ये ते पुन्हा वेगळं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या स्क्रिप्टचा गाभा असा असावा:

    ओएस.वॉक(मूळ, टॉपडाउन=फॉल्स) मधून येणाऱ्या प्रत्येक जागेसाठी:
        तिथल्या उपडिरेक्टऱ्यांच्या यादीतल्या प्रत्येक नावासाठी:
            ओएस.आरएमडिर(जागा / नाव) करून बघ
            ईनॉटएम्प्टी किंवा ईएक्झिस्ट आली: आत काहीतरी आहे, पुढे चल
            ईनोएंट आली: आधीच कुणीतरी काढली, पुढे चल
            ईनॉटडिर आली: ही सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) आहे, पुढे चल
            बाकी काहीही आलं: पूर्ण मार्ग आणि एरर लॉगमध्ये लिही

मी जागेवर स्वतःवर आरएमडिर न चालवता तिच्या मुलांवर चालवलंय, ते मुद्दाम. एक तर त्यामुळे मूळ डिरेक्टरी कधीच उडत नाही. दुसरं, जी डिरेक्टरी वाचायची परवानगी नाही ती ओएस.वॉक न सांगता वगळतो, ऑनएरर दिलं नाही तर एरर गिळून टाकतो. पण तिचं नाव पालकाच्या यादीत असतंच. आणि रिकामी डिरेक्टरी काढायला तिच्यावर कोणतीच परवानगी लागत नाही. लागते ती पालक डिरेक्टरीत लिहिण्याची आणि आत शिरण्याची. एखाद्या डिरेक्टरीचे परवानगीचे बिट सगळे शून्य असले तरी पालक तुमचा असेल आणि त्याच्यावर स्टिकी बिट (दुसऱ्याच्या नोंदी काढू न देणारी खूण) नसेल, तर आरएमडिर ती विनातक्रार काढतो. आधी यादी वाचून बघणारी स्क्रिप्ट तिथेच ईॲक्सेस (परवानगी नाही) घेऊन अडते. म्हणजे तपासणीमुळे सुरक्षितता वाढत तर नाहीच, वर जे काम होऊ शकलं असतं तेही होत नाही.

ईनॉटएम्प्टीबरोबर ईएक्झिस्ट का, असा प्रश्न पडेल. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या यंत्रणांचं मानक या प्रसंगी दोन्हींपैकी कोणतीही एरर द्यायची मुभा देतो. लिनक्सवर ईनॉटएम्प्टीच येते. आणि एररचा आकडा स्क्रिप्टमध्ये लिहू नका, नाव लिहा. ईनॉटएम्प्टी लिनक्सच्या नेहमीच्या यंत्रांवर ३९ असते, मॅकओएसवर ६६.

वेगाची काळजी करू नका. भरलेल्या डिरेक्टरीवर आरएमडिर म्हणजे एकच कॉल, पहिली खरी नोंद दिसली की तिथेच थांबतो. यादी वाचायची म्हणजे उघडणं, नोंदी मागणं, बंद करणं असे किमान तीन-चार कॉल. एस्ट्रेस (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून दोन्ही स्क्रिप्टांचा पसारा शेजारी ठेवा, डोळ्यांनी दिसेल.

---

झटपट_शेल:

फाइंड एम्प्टी तपासतो आणि मग डिलीट करतो. म्हणजे तुम्ही म्हणता ती फट त्यातही आहे का? आणखी एक. काही जण स्टॅटमधला लिंक काउंट (डिरेक्टरीकडे येणाऱ्या नावांची संख्या) २ असेल तर रिकामी असं धरतात, किंवा साइज ४०९६ आहे का बघतात. ते कितपत बरोबर?

---

मूळपान:

फट आहे, पण धोका नाही. डिरेक्टरी काढताना फाइंड अनलिंकॅट हा कॉल एटी_रिमूव्हडिर या फ्लॅगसकट बोलावतो, आणि तो हुबेहूब आरएमडिरसारखा वागतो. मधल्या काळात फाइल आली तर कर्नल नाही म्हणेल आणि फाइंड एरर छापून पुढे जाईल. तुमचा उपाय चांगलाच आहे. धागादोरांना प्रत्येक एररचा वेगळा हिशेब हवा असेल तरच पायथन.

लिंक काउंटवर विसंबू नका. ईएक्सटी४वर तो २ असणं म्हणजे आत उपडिरेक्टरी नाही, एवढंच. फाइली हजार असू शकतात. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर तर तो कोणत्याही डिरेक्टरीसाठी १ असतो. साइजचं आणखी वाईट. ईएक्सटी४वर डिरेक्टरीत खूप फाइली येऊन गेल्या की तिचा आकार वाढतो आणि फाइली पुसल्या तरी तो कमी होत नाही. पूर्ण रिकामी डिरेक्टरी काही मेगाबाइटची दिसू शकते. आणि नवी, आत दोन फाइली असलेली डिरेक्टरी ४०९६ची.

---

धागादोरा:

मूळपान, फार आभार. यादीचं कारण वाचलं आणि लगेच पटलं. गाभा तसाच लिहिला आणि आता वर्षापर्यंतची रिकामी साखळी एका फेरीत जाते. आरएमट्री काढून टाकलंय, पुन्हा आणणार नाही.

एनएफएसवरची ती एक डिरेक्टरी अजून हटत नाही, ईनॉटएम्प्टीच येते. आणि लिहिणाऱ्या प्रोग्रामचं पडणं तसंच आहे. फाइल हरवत नाही हे समजलं, पण तो पडल्यावर त्या क्षणाचं मोजमाप लिहायचं राहतं, ते मला चालणार नाही.

---

शेअरमाउंट:

एनएफएसचं मी सांगतो. एलएस हायफन ए लावून बघा. '.एनएफएस'नं सुरू होणारी, पुढे लांबलचक आकडे-अक्षरं असलेली एखादी फाइल दिसेल. नाव टिंबानं सुरू होतं म्हणून साध्या एलएसला दिसत नाही.

ती येते कुठून ते असं. स्थानिक डिस्कवर उघडी असलेली फाइल पुसली तर नाव जातं, पण जिच्या हातात ती उघडी आहे ती प्रोसेस शेवटपर्यंत वाचू-लिहू शकते. एनएफएसच्या सर्व्हरला मात्र क्लायंटवर कोण काय उघडून बसलंय हे पूर्वीपासून माहीत नसायचं. म्हणून क्लायंट फाइल पुसण्याऐवजी तिचं नाव बदलतो आणि शेवटची प्रोसेस ती बंद करेल तेव्हा खरोखर पुसतो. तोवर डिरेक्टरीत एक नोंद आहे, आणि आरएमडिर खरं तेच सांगतोय.

ती फाइल हातानं पुसायच्या मागे लागू नका, प्रोसेस ती धरून बसली आहे तोवर त्यानं अडचण सुटत नाही. क्लायंटवर एलएसओएफ किंवा फ्यूजर चालवून कोणती प्रोसेस धरून बसलीय ते शोधा. तुमच्याकडे फाइली उचलून नेणाराच प्रोग्राम मूळ फाइल बंद न करता पुसत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. प्रोसेस दुसऱ्या यंत्रावर असेल तर तुमच्या यंत्रावरचा एलएसओएफ काही दाखवणार नाही, तो शेअर जोडलेल्या प्रत्येक यंत्रावर बघावं लागेल.

---

धागादोरा:

शेअरमाउंट, तंतोतंत तसंच निघालं. नेणारा प्रोग्राम कॉपी झाल्यावर आधी पुसतो आणि हँडल बंद करणं पुढच्या गठ्ठ्यावर ढकलतो. शेवटच्या गठ्ठ्यानंतर पुढचा गठ्ठाच येत नाही, म्हणून ती फाइल तशीच राहिली. क्रम बदलला, पुन्हा चालू केला, '.एनएफएस' गेली आणि पुढच्या फेरीत डिरेक्टरीही गेली.

आता उरला लिहिणारा.

---

मूळपान:

शेअरमाउंटनी नेमकं सांगितलं. मी लिहिणाऱ्याकडे वळतो, कारण तिथला उपाय साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये नाही, लिहिणाऱ्यातच आहे.

मेकडर्स एक्झिस्ट_ओके=ट्रू नीट पार पडलं, याचा अर्थ त्या क्षणी डिरेक्टरी होती. पुढच्या ओळीला ती असेल असा शब्द कुणीच दिलेला नाही. तुमच्या तासाच्या डिरेक्टरीतली आधीची फाइल नुकतीच संग्रहात गेली, डिरेक्टरी रिकामी झाली, लिहिणाऱ्यानं "आहे ना? आहे" म्हणून पाऊल टाकलं आणि त्याच फटीत साफसफाईनं ती काढली. ओपनला ईनोएंट.

लिहिणाऱ्यानं ईनोएंट आली की पुन्हा मेकडर्सपासून सुरुवात करावी. नुसतं ओपन पुन्हा करून भागत नाही. मेकडर्स स्वतःसुद्धा याच कारणानं ईनोएंट देऊ शकतो: त्यानं दिवसाची डिरेक्टरी बनवली, तासाची बनवायच्या आत दिवसाची रिकामी दिसली म्हणून गेली. म्हणून दोन्ही ओळी एकाच ट्रायमध्ये आणि तो ट्राय एका छोट्या वळशात (लूपमध्ये) ठेवा. मर्यादा घाला, कारण वरचा माउंटच निघाला असेल तर वळसा फिरतच राहील. मर्यादा संपली की मात्र मोठ्यानं ओरडू द्या, एरर गिळू नका. गिट हा कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम याच पद्धतीनं चालतो. फाइल बनवताना मधली डिरेक्टरी नाहीशी झाली तर तो साखळी पुन्हा बनवून प्रयत्न करतो, कारण रिकाम्या झालेल्या डिरेक्टऱ्या काढणारा दुसरा गिट शेजारीच चालू असू शकतो.

वयाची अट घालावी, म्हणजे शेवटच्या बदलाला एक दिवस उलटला असेल तरच काढावी, असं कुणीतरी सुचवेलच. अट चांगली आहे, मीही घालतो, पण ती वळशाची जागा घेत नाही. जुनी रिकामी डिरेक्टरी समोर असताना मेकडर्स तिला हात लावत नाही, तिची एमटाइम (शेवटच्या बदलाची वेळ) बदलत नाही. म्हणजे ती जुनीच दिसते आणि तिच्याच बाबतीत फट उघडी राहते. वयाच्या अटीनं धडका कमी होतात, थांबत नाहीत.

त्या अटीत आणखी एक गोम आहे. मूल काढलं की पालकाची एमटाइम त्या क्षणाची होते. तासाची डिरेक्टरी काढली की दिवसाची डिरेक्टरी "आत्ताच बदललेली" ठरते आणि वयाच्या अटीत अडकते. दिवस उद्या जाईल, महिना परवा, आणि तुमची पहिली अडचण वेगळ्या दारानं परत येईल. म्हणून आधी एक फेरी वरून खाली मारून सगळ्यांच्या एमटाइम टिपून ठेवा, आणि काढताना त्या टिपलेल्या वेळा वापरा. इथे जुनी नोंद वापरायला हरकत नाही, कारण ती फक्त "कोणावर प्रयत्न करायचा" एवढं ठरवते. काढायची की नाही हे शेवटी कर्नलच ठरवणार आहे.

लिनक्सवर तात्पुरत्या फाइली साफ करणाऱ्या सिस्टिमडीच्या टीएमपीफाइल्सकडे याच कामाची एक चांगली सोय आहे, ती माहीत असू द्या. एखाद्या प्रोग्रामनं डिरेक्टरीवर एफलॉकचं कुलूप घेतलं असेल तर टीएमपीफाइल्स ती आणि तिच्याखालचं सगळं सोडून देतो. लिहिणारा आणि साफसफाई दोन्ही तुमचेच आहेत, तर हा संकेत तुम्हीही पाळू शकता. लिहिणारा उपकरणाच्या डिरेक्टरीवर सामायिक कुलूप घेतो, साफसफाई न थांबता एकट्याचं कुलूप मागते, मिळालं नाही तर ते उपकरण या फेरीत सोडते. पण हे कुलूप ऐच्छिक आहे, कर्नल ते कुणावर लादत नाही. न मागणारा तिसरा प्रोग्राम आला की संपलं. म्हणून वळसा हवाच.

लॉगमध्ये ज्या "बाकी" एरर येतील त्यांतली ईबिझी दिसली तर घाबरू नका, बहुतेक ती डिरेक्टरी माउंट पॉइंट असते. तिथे दुसरी डिस्क जोडलेली आहे, कर्नल तिला हात लावू देत नाही, आणि तेच बरोबर आहे. ईपर्म आली तर पालकावर स्टिकी बिट आहे आणि डिरेक्टरी दुसऱ्याची आहे, किंवा कुणीतरी चॅटरनं आय ही खूण लावून ती बदलायला बंदी केली आहे. ईइनव्हॅल आली तर तुम्ही दिलेला मार्ग '.'वर संपतोय, मार्ग जोडण्याचा कोड तपासा.

---

शेअरमाउंट:

मूळपान, एक राहिलं. एखादी प्रोसेस त्या डिरेक्टरीतच उभी असेल, म्हणजे तिची चालू डिरेक्टरी तीच असेल, तर लिनक्स अडवत नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं.

---

मूळपान:

बरोबर, आणि धागादोरांच्या लिहिणाऱ्याला हे लागू पडू शकतं. लिनक्सवर दुसऱ्या प्रोसेसची चालू डिरेक्टरी खुशाल काढता येते. त्या प्रोसेसला तेव्हा काहीच कळत नाही. पुढे ती गेटसीडब्ल्यूडी करेल (आपली चालू डिरेक्टरी कोणती ते विचारेल) तेव्हा ईनोएंट, सापेक्ष मार्गानं फाइल बनवेल तेव्हाही ईनोएंट. प्रोकखालच्या तिच्या सीडब्ल्यूडी या दुव्यावर मार्गापुढे 'डिलीटेड' असं लिहिलेलं दिसतं, तपासायची ही सगळ्यात सोपी जागा. त्याच नावाची डिरेक्टरी पुन्हा बनवली तरी उपयोग नाही, कारण प्रोसेस जुन्या, मृत आयनोडवरच उभी असते. तिला पूर्ण मार्ग देऊन पुन्हा सीडी करावं लागतं. गिटच्या वापरकर्त्यांना याचा त्रास व्हायचा, म्हणून जानेवारी २०२२च्या २.३५ आवृत्तीपासून गिट ज्या डिरेक्टरीतून चालवला ती रिकामी झाली तरी काढत नाही.

धागादोरा, लिहिणारा कुठे ओएस.सीएचडिर करत (चालू डिरेक्टरी बदलत) असेल तर ते काढा आणि पूर्ण मार्ग वापरा. नाहीतर वर सांगितलेला वळसा कितीही फिरला तरी प्रत्येक वेळी ईनोएंटच मिळेल.

---

धागादोरा:

करतो, तासाच्या डिरेक्टरीत सीएचडिर करतो! ते आजच काढतो आणि पूर्ण मार्गासकट वळसा घालतो.

शेवटचा प्रश्न. काही उपकरणांजवळची यंत्रं विंडोजवर आहेत. तिथेही हीच स्क्रिप्ट चालेल का?

---

मूळपान:

गाभा चालेल. तिथे ओएस.आरएमडिर आतून रिमूव्हडिरेक्टरी बोलावतो आणि तोही भरलेली डिरेक्टरी काढायला नकार देतो, विंडोजचा एरर क्रमांक १४५. पायथन त्याचं रूपांतर ईनॉटएम्प्टीमध्ये करून देतो, त्यामुळे ती ओळ बदलावी लागत नाही.

दोन फरक लक्षात ठेवा. एखाद्या प्रोसेसची चालू डिरेक्टरी विंडोज काढू देत नाही, शेअरिंग व्हायोलेशन म्हणजे क्रमांक ३२ येतो. ती एरर लॉगमध्ये जाऊ द्या, पुढच्या फेरीत निघेल. दुसरं, डिरेक्टरीचं हँडल कुणाकडे उघडं असेल तर रिमूव्हडिरेक्टरी यशस्वी झालं असं सांगतो, पण डिरेक्टरी शेवटचं हँडल बंद होईपर्यंत खरोखर जात नाही. या मधल्या काळात लिहिणारा त्याच नावाची डिरेक्टरी बनवायला गेला तर त्याला ईनोएंट नाही, ॲक्सेस डिनाइड मिळू शकतं. म्हणून विंडोजवरच्या वळशात परमिशनएररही धरा, आणि दोन फेऱ्यांमध्ये किंचित थांबा.